भावतक्ता वाचणारी लायब्ररी बदलताना: लोकांचा जुना कोड मोडू नये म्हणून

सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव उरकला की दिवसाचा भावतक्ता तयार होतो. शेतमाल, जात, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. सात रकाने, रोज तेच. हे तक्ते सीएसव्ही फाईलमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाईल) हाती येऊ लागले तेव्हा ते वाचायला मी पायथॉनमध्ये एक छोटी लायब्ररी, म्हणजे इतरांच्या प्रोग्रामांनाही वापरता येईल असा तयार कोड, लिहिली. या लेखापुरतं तिला 'भाववाचक' म्हणू. आधी ती माझ्याच लॅपटॉपवर होती. मग एका मित्राने घेतली, त्याच्याकडून जुळे सोलापुरातल्या एका विद्यार्थिनीने प्रोजेक्टसाठी घेतली, आणि पुढे एका अडत दुकानाचा रोजचा हिशोब तिच्यावर चालू लागला.

एका शनिवारी रात्री मी तिच्यात एक सुधारणा केली. ज्या दिवशी मालच येत नाही, त्या दिवशी तक्त्यात आकड्याच्या जागी आडवी रेघ असते. माझी लायब्ररी त्या रेघेला शून्य समजायची. भाव शून्य निघणं आणि भावच न निघणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि त्या खोट्या शून्यांमुळे महिन्याची सरासरी खाली ओढली जायची. मी शून्याच्या जागी 'नन' दिलं, म्हणजे पायथॉनच्या भाषेत 'इथे काहीच नाही'. टेस्ट पास झाल्या, आवृत्ती १.४.२ ची १.४.३ केली आणि झोपलो. सोमवारी सकाळी दुकानातून फोन: "दादा, बेरीजच होईना की. परवापर्यंत चालत होतं बघा." त्यांचा कोड आलेल्या आकड्यांची सरळ बेरीज करत होता. शून्य मिळवता येतं, नन मिळवता येत नाही. लिलाव सुरू, दारात गाड्या उभ्या, आणि हिशोब अडलेला.

सुधारणा बरोबर होती, पण ती मी लोकांच्या दारात रातोरात आणून टाकली होती. त्यानंतर मी जी पद्धत लावून घेतली ती इथे पायरीपायरीने सांगतो. तुम्ही नुकतीच एखादी लायब्ररी लिहायला किंवा सांभाळायला घेतली असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. पायथॉन ३ मध्ये फंक्शनची आणि पर्यायांची नावं देवनागरीतही चालतात, म्हणून उदाहरणांतली नावं मराठीतच ठेवली आहेत.

पायरी १: कोण कशावर टेकून उभं आहे ते पाहा

डॉक्युमेंटेशनमध्ये जे लिहिलं तेवढाच आपला करार, असं लिहिणाऱ्याला वाटतं. वापरणाऱ्याला जे दिसतं, तो त्याच्यासाठी सगळाच करार असतो. गूगलमध्ये काम केलेले इंजिनिअर हायरम राइट यांच्या नावाने एक नियम ओळखला जातो: वापरणारे पुरेसे वाढले की तुम्ही लेखी काय कबूल केलं होतं याला फारसा अर्थ उरत नाही; तुमच्या कोडचं जे जे वागणं बाहेरून दिसतं, त्यातल्या प्रत्येक गोष्टीवर कुणी ना कुणी विसंबलेलं असतं.

हे पटायला एक उदाहरण पुरेल. एक्सेलमधून 'सीएसव्ही यूटीएफ-८' अशी फाईल सेव्ह केली की तिच्या सुरुवातीला तीन बाइटांची एक अदृश्य खूण बसते. तिला बीओएम म्हणतात. अशी फाईल पायथॉनमध्ये साध्या यूटीएफ-८ ने उघडली तर ती खूण पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटून येते. दिसायला 'शेतमाल', मोजलं तर एक अक्षर जास्त. भाववाचकच्या पहिल्या आवृत्तीत हे असंच होतं. त्या विद्यार्थिनीला 'शेतमाल' नावाने रकाना सापडेना, तेव्हा तिने नावाचा नाद सोडून तो क्रमांकाने घेतला. माझ्या मित्राने मात्र छापून आलेलं ते नाव अदृश्य खुणेसकट उचललं आणि आपल्या कोडमध्ये चिकटवलं. त्याचं काम भागलं. आता मी ती खूण काढून टाकली, तर तिचा कोड चालत राहील आणि त्याचा मोडेल. दोघांनीही मला काही विचारलं नव्हतं, आणि त्यांनी ते विचारावं अशी अपेक्षा ठेवणंही बरोबर नाही.

म्हणून कोडला हात लावण्याआधी कागद घेऊन बसा आणि बाहेरून दिसणारी प्रत्येक गोष्ट लिहून काढा. फंक्शनांची नावं आणि त्यांना द्यायच्या गोष्टींचा क्रम. परत काय मिळतं: लिस्ट, टपल की डिक्शनरी. रकान्यांचा क्रम. रिकाम्या ओळी गाळता की ठेवता. शब्दांच्या मागचीपुढची मोकळी जागा छाटता की नाही. फाईल बिघडलेली असेल तर कुठल्या जातीचा एरर येतो, आणि त्या एररमध्ये ओळ क्रमांक कुठून मोजला जातो, शून्यापासून की एकपासून. हा शेवटचा मुद्दा मी स्वतः विसरलो होतो.

वापरणारे कोण हे शोधणं छोट्या लायब्ररीला जड जात नाही. सार्वजनिक कोडमध्ये लायब्ररीचं नाव शोधता येतं, आणि गावातले लोक असतील तर सरळ जाऊन बसता येतं. अडत दुकानात अर्धा तास बसून मला जे कळलं, ते महिनाभर कोड वाचून कळलं नसतं.

पायरी २: आजचं वागणं गोठवून ठेवा

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची आहे, आणि नवखे लोक सर्रास हीच गाळतात.

खऱ्या फाईली गोळा करा. कुणा शेतकऱ्याचं किंवा व्यापाऱ्याचं नाव, फोन नंबर असेल तर आधी पुसून टाका. मग आजची लायब्ररी त्या प्रत्येक फाईलवर चालवा आणि जे उत्तर येईल ते जसंच्या तसं जपून ठेवा. पुढची प्रत्येक टेस्ट नवं उत्तर या जपलेल्या उत्तराशी ताडून पाहील. इथे एक मोह आवरावा लागतो: उत्तर चुकीचं दिसलं तरी ते लगेच दुरुस्त करायचं नाही. चुकीचं उत्तरही गोठवायचं, आणि टेस्टच्या नावातच लिहायचं: 'रेघेला शून्य मिळतं, हे चूक आहे पण आज असंच आहे'. ही टेस्ट ज्या दिवशी मोडेल त्या दिवशी तुम्हाला कळलं पाहिजे की वागणं बदललं, आणि ते तुम्ही जाणूनबुजून बदललं.

नमुन्याच्या फाईली कुठल्या घ्याव्यात? सुबक फाईल एक पुरे. बाकीच्या वेड्यावाकड्या हव्यात, आणि मराठी डेटा असेल तर वाकडेपणाला तोटा नाही. तीन गोष्टी मुद्दाम सांगतो, कारण इंग्रजीतल्या मार्गदर्शकांत त्या सहसा सापडत नाहीत.

पहिली म्हणजे 'ऱ्या'. शेऱ्याच्या रकान्यात कुणी 'पांढऱ्या कांद्याची आवक कमी' असं लिहिलं, तर त्यातलं 'ऱ्या' संगणकात तीन वेगळ्या प्रकारे साठलेलं असू शकतं. एक, युनिकोडमधलं स्वतंत्र 'ऱ' अक्षर आणि हलन्त. दोन, साधा 'र', त्याखाली नुक्ता आणि हलन्त. तीन, साधा 'र', हलन्त आणि त्यानंतर झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, पण तुलना केली तर तिन्ही वेगळे निघतात. युनिकोडमध्ये मजकूर एकसारखा करण्याची एक ठरलेली रीत आहे, तिला एनएफसी म्हणतात. तिच्यामुळे पहिले दोन प्रकार एक होतात. जॉइनरवाला तिसरा प्रकार तसाच राहतो. आता विचार करा, तुम्ही सद्हेतूने नव्या आवृत्तीत सगळा मजकूर एनएफसीमधून काढायला लागलात. ज्याने गेल्या वर्षभराच्या नोंदी नुक्तेवाल्या रूपात डेटाबेसमध्ये भरल्या आहेत, त्याला उद्यापासून जुनी नोंद सापडणार नाही आणि तीच वस्तू नवी म्हणून भरली जाईल. एररही येणार नाही. मजकूर स्वच्छ करणं हा वागण्यातला बदल आहे, आणि तो तसाच वागवायला हवा.

दुसरी म्हणजे अंक. पायथॉनला '१२५०' हा देवनागरी मजकूर देऊन आकडा मागितला तर तो बिनतक्रार देतो. जावास्क्रिप्टचं नंबर फंक्शन तेच काम करायला नकार देतं. पायथॉनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्येही, म्हणजे मजकुरात नमुने शोधायच्या सोयीत, अंकासाठीची खूण साध्या मजकुरावर देवनागरी अंक धरते. भाववाचक देवनागरी अंक वाचते, हे मी कधी ठरवलंच नव्हतं. ते पायथॉनमुळे आपोआप होत होतं. पुढे वेग वाढवायच्या नादात मी ती खूण काढून फक्त इंग्रजी अंक शोधणारा नमुना लिहिला. गोठवलेल्या टेस्ट होत्या म्हणून पाच मिनिटांत कळलं. आपल्याकडे शेजारच्या कर्नाटकातूनही माल येतो, त्यामुळे कन्नड अंकांचीही एक फाईल नमुन्यात ठेवा.

तिसरी म्हणजे स्वल्पविराम. आपण लाखाचा आकडा १,२५,००० असा लिहितो. सीएसव्हीचं जे वर्णन ऑक्टोबर २००५ मध्ये आरएफसी ४१८० या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात प्रसिद्ध झालं, त्यानुसार स्वल्पविराम असलेला मजकूर दुहेरी अवतरणात असावा. हाताने बनवलेल्या फाईलमध्ये तो बहुतेकदा नसतो. मग सात रकान्यांच्या ओळीत नऊ रकाने होतात. तुमची लायब्ररी अशा ओळीचं आज काय करते? गाळते, तोडते की एरर देते? जे करते ते गोठवा.

युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये बनवलेल्या फाईलींबद्दल एवढंच: त्यांचं रूपांतर जुन्या फंक्शनमध्ये गुपचूप घालू नका. त्यासाठी वेगळं फंक्शन लिहा.

पायरी ३: बदलाची जात ओळखा

आवृत्तीचे तीन आकडे असतात. ही पद्धत गिटहबच्या संस्थापकांपैकी एक टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी लिहून काढली आणि ती सिमँटिक व्हर्जनिंग म्हणून ओळखली जाते. शेवटचा आकडा वाढला तर फक्त दुरुस्ती, मधला वाढला तर जुनं तसंच ठेवून नवी भर, पहिला वाढला तर जुना कोड मोडू शकतो. पहिला आकडा शून्य असेपर्यंत काहीही बदलू शकतं असं गृहीत असतं, पण लोक तुमच्या लायब्ररीवर रोजचं काम करू लागले असतील तर शून्याआड लपू नका, १.० करा.

माझी १.४.३ ही खोटी होती. तो आकडा सांगत होता की निर्धास्त घ्या, आणि आत परत मिळणारा प्रकारच बदललेला होता.

नवख्यांना चकवणारी एक गोष्ट: पार्सर, म्हणजे फाईल वाचून तिचे तुकडे पाडणारा कोड, अधिक कडक करणं म्हणजे मोडणं, हे लगेच कळतं. अधिक सैल करणंही मोडणं असू शकतं, हे कळायला वेळ लागतो. समजा आज नऊ रकान्यांची ओळ आली की एरर येतो, आणि तुम्ही तो काढून अंदाजाने रकाने जुळवू लागलात. ज्या माणसाने त्या एररच्या आधारावर खराब फाईल बाजूला काढायची व्यवस्था लावली होती, त्याच्याकडे आता खराब फाईल थेट आत शिरेल. इंटरनेट घडवणाऱ्यांपैकी एक, जॉन पोस्टेल, यांचं १९८० चं जे प्रसिद्ध तत्त्व आहे, पाठवताना काटेकोर राहा आणि घेताना उदार राहा, ते इंटरनेटच्या जडणघडणीत उपयोगी पडलं. भावाच्या बाबतीत मी ते मानत नाही. सर्वसाधारण दराचा आकडा अंदाजाने भरण्यापेक्षा थांबलेलं बरं, कारण त्या आकड्यावरून कुणीतरी माल विकायचा की परत न्यायचा हे ठरवत असतो.

पायरी ४: नवं जुन्याच्या शेजारी उभं करा

सोलापुरात वाढलेल्या कुणालाही यंत्रमागाचा खडखडाट ओळखीचा असतो. मागावरची बीम, म्हणजे ताण्याचे उभे धागे गुंडाळलेला रूळ, संपत आली की नवी बीम चढवतात. कापडाची वीण तीच ठेवायची असेल तर ताण्याचे हजारो धागे मागाच्या वहीतून आणि फणीतून (धागे ज्यांतून ओवतात त्या चौकटी) नव्याने ओवत बसत नाहीत. जुन्या धाग्यांची टोकं मागावर तशीच ठेवून नव्या बीमेचा एकेक धागा त्यांना गाठ मारून जोडतात, आणि गाठी अलगद पुढे ओढून घेतात. माग तोच, चादरीची नक्षीही तीच, सूत मात्र नवं. लायब्ररीतही हेच करायचं आहे: लोकांच्या कोडमध्ये ओवून बसलेली टोकं कापायची नाहीत.

रेघेच्या प्रकरणात गाठ अशी मारली. 'वाचा' या फंक्शनला 'रेघ' नावाचा एक नवा पर्याय दिला. रेघ="शून्य" म्हटलं तर जुनं वागणं, रेघ="नन" म्हटलं तर नवं. काहीच म्हटलं नाही तर जुनंच. हा पर्याय नावानेच द्यावा लागेल असा ठेवला. त्यासाठी फंक्शनच्या व्याख्येत त्याच्या आधी एक तारा टाकतात. नवा पर्याय मधेच घुसवला तर क्रमाने गोष्टी देणाऱ्यांच्या सगळ्या गोष्टी एक घर सरकतात, आणि ते फार वाईट मोडणं असतं, कारण कित्येकदा एरर न येता चुकीचं उत्तर येतं. शिवाय 'पर्याय दिलाच नाही' आणि 'पर्याय मुद्दाम जुनाच दिला' हे तुम्हाला वेगळं ओळखता आलं पाहिजे. म्हणून डिफॉल्ट म्हणून एक खास खुणेची वस्तू ठेवा, जी वापरणारा चुकूनही देणार नाही. पुढच्या पायरीला ही खूण लागते.

परत मिळणाऱ्या गोष्टीत भर घालायची असेल तर अडचण जास्त नाजूक आहे. भाववाचक प्रत्येक ओळीसाठी सात गोष्टींचं टपल द्यायची, आणि लोक एका ओळीत सात नावं लिहून ती उघडून घ्यायचे. मला त्यात तारीख घालायची होती. आठवी गोष्ट आली की ही उकल तिथल्या तिथे कोलमडते. याचं उत्तर पायथॉनच्याच घरात आहे. ओएस.स्टॅट फाईलची माहिती देतं तेव्हा ते टपल म्हणून पाहिलं तर १० आकड्यांचंच असतं. नंतर भर पडलेल्या गोष्टी, उदाहरणार्थ नॅनोसेकंदातली बदलाची वेळ, फक्त नावाने मिळतात. एवढंच काय, नावाने मागितलेली बदलाची वेळ अपूर्णांकात येते, पण तीच क्रमांकाने मागितली तर जुन्या कोडची सोय म्हणून पूर्णांकातच येते. मीही तसंच केलं: टपल सातचंच, तारीख नावाने.

एररचंही तसंच. जुन्या आवृत्तीत बिघडलेल्या फाईलवर व्हॅल्यूएरर यायचा. मला त्यात ओळ क्रमांक आणि रकाना सांगणारा स्वतंत्र एरर हवा होता. नवा एरर व्हॅल्यूएररचा वारस म्हणून बनवा, म्हणजे व्हॅल्यूएरर पकडणारा जुना कोड त्यालाही पकडेल. पायथॉनच्या जेसन मॉड्यूलने ३.५ मध्ये जेसनडीकोडएरर आणला तेव्हा हेच केलं.

फंक्शनचं नाव बदलणं सोपं आहे: नवं नाव लिहा, जुन्या नावाच्या आत दोन ओळींत नव्याला हाक मारा. कोडची प्रत मात्र काढू नका. जुन्या कोडची प्रत काढून दोन्हीकडे सांभाळत बसलात तर सहा महिन्यांत दोन्ही वेगळं वागायला लागतात.

पायरी ५: वेळेवर आणि ऐकू येईल असं सांगा

पायथॉनमध्ये यासाठी वॉर्निंग आहेत, आणि त्यांत एक खाच आहे. डेप्रिकेशनवॉर्निंग ही थेट चालवलेल्या मुख्य फाईलमधल्या ओळीमुळे आली तरच सहसा दिसते. वापरणाऱ्याने आपलं काम दुसऱ्या मॉड्यूलमध्ये ठेवलं असेल तर ती मुकाट गिळली जाते. टेस्ट चालवणारं पायटेस्ट ती दाखवतं, पण अडत दुकानात पायटेस्ट कोण चालवणार? फ्यूचरवॉर्निंग मात्र सगळ्यांना दिसते. माझा नियम असा: बदलामुळे फक्त नाव बदलणार असेल तर डेप्रिकेशनवॉर्निंग, आणि उद्या आकडा वेगळा येणार असेल तर फ्यूचरवॉर्निंग.

दुसरी खाच स्टॅकलेव्हलची, म्हणजे वॉर्निंग कुठली ओळ दाखवेल ते ठरवणाऱ्या आकड्याची. तो २ ठेवला नाही तर वॉर्निंग तुमच्या लायब्ररीतली ओळ दाखवते. वापरणाऱ्याला स्वतःच्या कोडमधली ओळ दिसली पाहिजे, नाहीतर तो वॉर्निंग वाचून गोंधळेल आणि सोडून देईल. ती ३०० ओळींच्या फाईलवर ३०० वेळा छापली जाईल ही भीती नको. ठरलेल्या मांडणीत एका जागेवरची वॉर्निंग एकदाच छापली जाते.

मजकुरात तीन गोष्टी हव्यातच: काय बदलणार, कधीपासून, आणि आता काय लिहायचं. माझी वॉर्निंग अशी होती: 'रेघ हा पर्याय दिलेला नाही. सध्या रेघेला शून्य धरलं जातं, २.० पासून नन मिळेल. जुनंच हवं असेल तर रेघ="शून्य" असं लिहा.' विंडोजच्या जुन्या काळ्या कन्सोलमध्ये देवनागरी नीट उमटत नाही, म्हणून हेच वाक्य इंग्रजीतही जोडलं.

क्रम लक्षात घ्या. १.५ मध्ये पर्याय आला, वॉर्निंग नाही. १.६ मध्ये पर्याय न देणाऱ्यांना वॉर्निंग. २.० मध्ये डिफॉल्ट बदललं, पण ज्याने रेघ="शून्य" असं लिहून ठेवलं होतं त्याचं काहीच बिघडलं नाही. ज्याने वॉर्निंग वाचून एक शब्द लिहिला, त्याच्यासाठी मोठी आवृत्तीही मोडणारी ठरू नये.

पायरी ६: किती थांबायचं

पायथॉनच्या स्वतःच्या धोरणात, पेप ३८७ या दस्तऐवजात, वॉर्निंग किमान दोन आवृत्त्या चालू ठेवावी असं म्हटलं आहे. तक्ते हाताळणाऱ्या पांडास या लायब्ररीने वाईट ओळींसाठीचा एक जुना पर्याय जुलै २०२१ च्या १.३ मध्ये कालबाह्य ठरवला आणि एप्रिल २०२३ च्या २.० मध्ये काढला.

पायवायएएमएल या, वायएएमएल फाईली वाचणाऱ्या लायब्ररीची गोष्ट मात्र प्रत्येक नवख्याने वाचावी अशी आहे. तिचं लोड फंक्शन फाईल वाचता वाचता फाईलमध्ये सांगितलेल्या पायथॉनच्या वस्तूही बनवायचं. अनोळखी फाईल दिली तर हे उघड धोक्याचं. जून २०१८ मध्ये आलेल्या ४.१ ने ते एकदम सुरक्षित रूपावर आणलं, आणि ती आवृत्ती मागे घ्यावी लागली. मग मार्च २०१९ च्या ५.१ मध्ये कुठला लोडर वापरायचा ते सांगितलं नाही तर वॉर्निंग यायला लागली. ऑक्टोबर २०२१ च्या ६.० मध्ये लोडर सांगणं सक्तीचं झालं. सुरक्षिततेसारखं तातडीचं कारण असूनही रस्ता वॉर्निंगवरूनच गेला, आणि त्याला अडीच वर्षं लागली.

छोट्या लायब्ररीला इतकं थांबायची गरज नसते. मी सहा महिने देतो, पण महिने पाहून देतो. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत लाल कांद्याची आवक भरात असते आणि त्यातच सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा येते. तेव्हा नवी आवृत्ती काढत नाही, अगदी वॉर्निंगसुद्धा वाढवत नाही. तुमच्या वापरणाऱ्यांचा असा हंगाम कुठला ते शोधा: शाळेचे निकाल, मार्चअखेर, ऊसाचा गाळप हंगाम, काहीही असेल.

थांबू नये अशी परिस्थितीही येते. एकदा ०३/०४ ही तारीख ३ एप्रिलऐवजी ४ मार्च अशी वाचली जात होती, तेही फक्त १२ तारखेपर्यंत, कारण तेरावा महिनाच नसतो. असा गुपचूप चुकीचा डेटा कुणी जाणूनबुजून वापरत नाही. तो मी त्याच दिवशी दुरुस्त केला, आणि माहीत असलेल्या प्रत्येकाला फोन करून मागचे आकडे पुन्हा काढायला सांगितले.

पायरी ७: बाहेर काढताना

आधी रिलीज कॅन्डिडेट काढा, म्हणजे तालमीची आवृत्ती. पिप, म्हणजे पायथॉनची पॅकेजं उतरवून देणारं साधन, ती मागितल्याशिवाय कुणाला देत नाही. मग तुमच्याकडच्या सगळ्या जुन्या फाईली जुन्या आणि नव्या आवृत्तीतून शेजारी शेजारी चालवा आणि फरक छापा. प्रत्येक फरकासमोर तुम्हाला 'हा मी केला, या कारणासाठी' असं लिहिता आलं पाहिजे. एकाही फरकाचं कारण सांगता येत नसेल तर आवृत्ती काढू नका.

कुठल्या पायथॉनवर चालते हे पॅकेजच्या माहितीत नीट लिहा. त्या अडत दुकानातला संगणक विंडोज ७ चा आहे, आणि तिथे पायथॉन ३.८ च्या पुढे जाता येत नाही. ३.८ ची देखभाल ऑक्टोबर २०२४ मध्ये थांबली, म्हणून मीही २.० मध्ये तिचा आधार काढला. किमान आवृत्तीची नोंद बरोबर केली असेल तर पिप अशा संगणकाला आपोआप शेवटची चालणारी आवृत्ती देतं. ती नोंद विसरलात तर तिथे नवी आवृत्ती उतरते आणि पहिल्याच ओळीवर पडते.

बदलांची नोंद माणसाने वाचावी अशी लिहा. 'विविध सुधारणा' हे वाक्य कुणाच्याच कामाचं नाही. 'आधी असं लिहीत होता, आता असं लिहा' अशा दोन ओळी पुरतात.

एवढं करूनही चुकीची आवृत्ती बाहेर गेलीच तर ती पुसून टाकू नका. पायपीआयवर, म्हणजे पिप जिथून पॅकेजं आणतं त्या ठिकाणी, ती 'यँक' करता येते: ज्याने नेमकी तीच आवृत्ती लिहून ठेवली आहे त्याला ती मिळत राहते, बाकीच्यांना पिप ती टाळून आधीची देतं. त्याच नावाची फाईल पुन्हा चढवता येत नाही, म्हणून दुरुस्तीला नवा आकडाच लागतो. माझ्या १.४.३ नंतर मी त्या सोमवारीच १.४.४ काढली, जिच्यात जुनं शून्य परत आणलं, आणि १.४.३ यँक केली.

२.० काढायच्या आदल्या आठवड्यात मी त्या दुकानात गेलो. लिलाव संपलेला, यार्डात झाडलोट चाललेली. त्यांच्या संगणकावर वॉर्निंग तीन महिने दिसत होती आणि त्यांनी ती हिशोबाच्या वहीत उतरवून ठेवली होती, अक्षरशः पेनाने. आम्ही दोघांनी बसून रेघ="शून्य" हा एक पर्याय त्यांच्या कोडमध्ये लिहिला, गेल्या महिन्याच्या फाईली पुन्हा चालवल्या, बेरजा वहीशी जुळवल्या. त्यांच्या संगणकाला २.० मिळणारच नव्हती, तरी उद्या नवा संगणक आला तर तो शब्द तिथे आधीच असेल. मग घरी येऊन मी २.० चढवली.